पूर्व चाडमधील निर्वासित आणि मदतकार्याची बिकट वाट

सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध भडकले. पश्चिमेकडील दार्फूर प्रांतातून जीव वाचवून निघालेल्या लोकांनी शेजारच्या चाड देशाचा आसरा घेतला. २०२५ च्या मध्यापर्यंत या नव्या निर्वासितांची संख्या आठ लाखांच्या पुढे गेली. त्याआधी, २००३ मध्ये सुरू झालेल्या दार्फूरच्या पहिल्या संघर्षात आलेले सुमारे चार लाख लोक चाडच्या पूर्व भागात राहतच होते.

अशा संकटाच्या बातम्यांत किती निधी हवा आणि किती मिळाला याचीच चर्चा अधिक होते. निधीची चणचण खरीच आहे. मात्र पैसा हाती आला म्हणजे धान्य छावणीत पोहोचले असे होत नाही. धान्याचा ट्रक, तो चालविणारा चालक आणि तो ज्या रस्त्याने जातो तो रस्ता, या तिन्ही गोष्टी शाबूत असाव्या लागतात. वाहतूक आणि सुरक्षा हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकच आहेत, हे पूर्व चाडमधील वीस वर्षांहून अधिक काळचा अनुभव सांगतो.

समुद्रापासून दूर

चाडला समुद्रकिनारा नाही. देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे चौपट. पण रेल्वे नाही आणि डांबरी रस्तेही मोजकेच. परदेशातून येणारे बहुतेक धान्य कॅमेरूनमधील दुआला बंदरात उतरते. तेथून रेल्वेने एनगाऊंदेरेपर्यंत, मग ट्रकने चाडची राजधानी एनजामेनापर्यंत आणि पुन्हा पूर्वेला अबेशे शहरापर्यंत त्याचा प्रवास होतो. एनजामेना ते अबेशे हे अंतरच सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षाही अधिक आहे. अबेशेहून सीमेलगतच्या छावण्यांकडे जाणाऱ्या वाटा कच्च्या आणि वाळूच्या आहेत.

या एकाच मार्गावर विसंबून राहणे धोक्याचे ठरल्याने जागतिक अन्न कार्यक्रमाने २००४ मध्ये लीबियातील बेंगाझी बंदरातून, सहारा वाळवंट ओलांडून पूर्व चाडला येणारा दुसरा मार्ग सुरू केला. पुढे लीबियातच २०११ मध्ये अशांतता माजली आणि त्या मार्गाचा भरवसा राहिला नाही. दूरच्या देशातील घडामोडींचा फटका छावणीतील शिध्याला बसतो तो असा.

मदत कर्मचाऱ्यांसाठी छोट्या विमानांची सेवा जागतिक अन्न कार्यक्रम चालवितो. विमानाने माणसे आणि औषधे नेता येतात. लाखो लोकांचे रोजचे धान्य विमानाने नेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय असते.

पावसाळ्याआधीची बेगमी

पूर्व चाडमध्ये साधारणतः जून ते सप्टेंबर या काळात पाऊस पडतो. वर्षभर कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांना तेथे ‘वादी’ म्हणतात. पाऊस आला की त्या अचानक दुथडी भरून वाहतात आणि ट्रक दिवसेंदिवस काठावर अडकून पडतात. ओला कच्चा रस्ता जड वाहनांनी खचू नये म्हणून पाऊस पडल्यावर आडकाठी लावून वाहतूक थांबविण्याचीही पद्धत आहे.

त्यामुळे पावसाळ्यातील धान्य आधीच गोदामांत भरून ठेवावे लागते. ढोबळ हिशेब करून पाहा. दर माणशी रोज अर्धा किलो शिधा धरला तर दोन लाख लोकांना दिवसाला १०० टन आणि चार महिन्यांना १२ हजार टन धान्य लागेल. वीस टनांच्या ट्रकच्या या ६०० खेपा होतात. त्यासाठी निधी फेब्रुवारी-मार्चमध्येच हाती असावा लागतो. तो जुलैमध्ये मिळाला तर धान्य घेता येते, पोहोचविता येत नाही. पुन्हा, भरलेले गोदाम हे लुटारूंना आमंत्रणच असते. नोव्हेंबर २००६ मध्ये बंडखोरांनी अबेशे शहर काही काळ ताब्यात घेतले, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे गोदाम लुटले गेले.

छावणी कुठे उभारावी?

छावणी सीमेपासून किमान ५० किलोमीटर दूर असावी, असा उच्चायुक्तालयाचा संकेत आहे. सीमेलगतच्या छावणीवर हल्ला होऊ शकतो; सशस्त्र गट तेथे आश्रय घेतात, तरुणांची भरती करतात. मात्र सुरक्षित अंतरावर जागा मिळाली तरी तेथे पाणी असेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार दर माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवे. वीस हजारांच्या छावणीला त्या हिशेबाने तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज तीस खेपा लागतात. बाहाई गावाजवळची उरे कासोनी ही छावणी अनेक वर्षे सीमेच्या अगदी जवळ राहिली, ती मुख्यतः पाण्याच्या या अडचणीमुळे.

सरपणाचेही तसेच आहे. छावणीभोवतीची झाडे संपतात आणि स्त्रियांना लाकूडफाट्यासाठी दूरवर जावे लागते. तेथे त्यांच्यावर अत्याचार होतात, शिवाय आसपासच्या गावकऱ्यांशी तंटे उद्भवतात. कमी सरपणात चालणाऱ्या चुली वाटणे हा म्हणूनच सुरक्षेचाही उपाय ठरतो.

लक्ष्य मदतीची गाडी

मदत संस्थांची चारचाकी वाहने वाळवंटी प्रदेशात चालणारी, दणकट आणि इंधनाने भरलेली असतात. सशस्त्र टोळ्यांना नेमके तेच हवे असते. २००६ ते २०१० या काळात पूर्व चाडमध्ये वाहने पळविण्याच्या घटना वारंवार घडल्या. मे २००८ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या ब्रिटिश संस्थेच्या चाडमधील प्रमुखांची बंदूकधाऱ्यांनी रस्त्यात गोळी घालून हत्या केली. नोव्हेंबर २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या एका कर्मचाऱ्याचे सीमेजवळून अपहरण झाले. त्याची सुटका फेब्रुवारी २०१० मध्ये झाली. दोन्ही वेळा काम स्थगित करावे लागले. गुन्हा एका गाडीवर घडतो, पण दवाखाना किंवा शिधावाटप बंद पडल्याने त्याची झळ हजारोंना बसते.

यावर संस्थांनी काही नियम घालून घेतले. एकट्या गाडीने जायचे नाही, किमान दोन गाड्या हव्यात. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे. निघताना आणि पोहोचल्यावर रेडिओ किंवा उपग्रह फोनवरून कळवायचे. रोकड बाळगायची नाही. नियम रास्त आहेत, परंतु प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. ताफा ठरलेल्या दिवशीच निघतो. परतीच्या वेळेमुळे डॉक्टरला छावणीत दिवसातील तीन-चार तासच मिळतात. आणि रात्री अडलेल्या बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात कसे न्यायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

बंदुकीच्या पहाऱ्यात मदत?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने सप्टेंबर २००७ मध्ये ठराव क्रमांक १७७८ संमत केला. त्यानुसार युरोपीय संघाचे सैन्य आणि ‘मिनुरकॅट’ ही राष्ट्रसंघाची मोहीम पूर्व चाडमध्ये आली. छावण्यांच्या व मदत ताफ्यांच्या रक्षणासाठी चाडच्याच पोलिसांना प्रशिक्षण देऊन एक विशेष दल उभारण्यात आले. मार्च २००९ मध्ये युरोपीय सैन्याने सूत्रे राष्ट्रसंघाकडे सोपविली आणि चाड सरकारच्या आग्रहामुळे २०१० च्या अखेरीस मोहीम संपली. स्थानिक दल मात्र पुढेही कायम राहिले.

सशस्त्र संरक्षण घ्यावे की नाही, यावर मदत संस्थांत मतभेद आहेत. रेडक्रॉससारख्या संस्था शक्यतो ते टाळतात. पोलीस बरोबर घेतले की आपण सरकारच्या बाजूचे ठरतो, अशी त्यांची भूमिका आहे. उलट बाजूचा युक्तिवाद असा की, लुटारूंना तटस्थतेशी देणेघेणे नसते. पूर्व चाडमध्ये दोन्ही प्रकारचे धोके एकाच रस्त्यावर असल्याने सरसकट उत्तर सापडलेले नाही.

विश्वास हेही संरक्षणच

ऑक्टोबर २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या तयारीत असताना अबेशे येथे अटक झाली. ही मुले दार्फूरमधील अनाथ असल्याचा दावा करण्यात आला होता. प्रत्यक्षात बहुतेक मुले चाडमधील होती आणि त्यांचे पालक हयात होते. या प्रकरणाने सर्वच परदेशी मदत कर्मचाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्या गावातून रस्ता जातो त्या गावाचा विश्वास नसेल, तर वायरलेस आणि पहारेकरी अपुरे पडतात.

म्हणूनच यजमान गावांनाही विहिरी, दवाखाने आणि शाळा देण्याचे धोरण संस्थांनी स्वीकारले. सीमाभागातील स्थानिक लोकही गरीबच आहेत. छावणीत शिधा येतो आणि शेजारच्या गावात दुष्काळ आहे, अशी स्थिती फार काळ टिकत नाही.

या व्यवस्थेत सर्वाधिक धोका पत्करतात ते स्थानिक कर्मचारी : चालक, क्लीनर, गोदामपाल, परिचारिका, दुभाषे. परदेशी अधिकाऱ्यांना विमानाने हलविले जाते तेव्हा हे लोक मागे राहून काम चालू ठेवतात. राष्ट्रसंघाच्या माहितीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. त्यांतील बहुसंख्य आपापल्या देशातच काम करणारे होते. बगदादमधील राष्ट्रसंघ कार्यालयावर १९ ऑगस्ट २००३ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात २२ जण ठार झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस ‘जागतिक मानवतावादी दिन’ म्हणून पाळला जातो.

आद्रेचा धडा

जून २०२३ मध्ये दार्फूरमधील अल जेनिना शहरात भीषण हत्याकांड झाले. तेथून सुमारे तीस किलोमीटरवर चाडच्या हद्दीत आद्रे हे छोटे गाव आहे. तेथील रुग्णालयात अवघ्या तीन दिवसांत आठशेहून अधिक जखमी दाखल झाले. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या या लोंढ्याला आत हलविण्यासाठी ट्रक, पाणी आणि नव्या छावण्यांची जागा हे सारे एकाच वेळी हवे होते.

पुढे आद्रेचाच रस्ता उलट दिशेने, दार्फूरमध्ये मदत नेण्यासाठी महत्त्वाचा ठरला. सुदानच्या लष्करी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बंद करविला. उत्तरेकडील तिने येथील पर्यायी मार्ग पावसाने निकामी झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी दार्फूरमधील झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर त्याच महिन्याच्या मध्यास आद्रेची सीमा पुन्हा उघडली. पण तोवर पाऊस ऐन भरात होता.

घरी अन्न मिळाले असते तर सीमा ओलांडण्याची वेळ ज्यांच्यावर आली नसती, असे लोकही पूर्व चाडमध्ये येतच राहिले. सीमेपलीकडे ट्रक वेळेत पोहोचला नाही, तर काही महिन्यांनी त्याच धान्याची मागणी अलीकडच्या छावणीत होते. त्यामुळे मदतीचे मोजमाप करताना जाहीर झालेल्या रकमेबरोबरच ती कोणत्या महिन्यात मिळाली आणि कोणता रस्ता त्या वेळी खुला होता, हेही पाहणे आवश्यक आहे.