बांध कोरू नये

आमच्या लोणी भापकरकडच्या जुन्या माणसांत बांध कोरणाऱ्याला फार वाईट नाव असे. चोर एकदा चोरी करतो, बांधकोऱ्या दर पेरणीला करतो, असं आजा म्हणायचा. औत बांधाशी आलं की तो कासरा ओढून बैल अलीकडेच वळवायचा. बांधालगतचा हातभर पट्टा त्याने कधी नांगरला नाही. तिथे हरळी माजायची आणि दोन्ही घरची गुरं तिच्यावर चरायची. "त्यो पट्टा आपला न्हाई का?" असं विचारलं तर म्हणायचा, "आपलाच हाय, म्हणून तर सोडलाय."

गावातल्या यज्ञवराहाची गोष्टही त्याच्याकडूनच ऐकली. दगडी वराह, अंगभर कोरलेल्या लहान लहान मूर्ती. हिरण्याक्षाने पाण्यात नेलेली पृथ्वी या देवाने सुळ्यावर तोलून वर काढली. आम्हा पोरांना लढाई हवी असायची, आजाला पुढचं महत्त्वाचं वाटे. "पृथ्वी जागच्या जागी ठिवली आन् देव गेला. सोताला एक वावर राखलं न्हाई त्यानं. आपण तर नुसतं कसणारं."

देवाने आमच्या वाट्याला घातलेला मुलूख कोरडा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, भोरकडे भाताची खाचरं तुडुंब होतात आणि आमच्यापर्यंत येताना ढग हलके झालेले असतात. 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, तोही उताराने जायचा तिकडेच गेला. कालव्याखाली ऊस उभा राहिला, वरच्या अंगाला बाजरी, मटकी, हुलगेच राहिले. आमची एक आत्या बागायतीत दिली होती. आजी तिच्याकडे राहून आली, की गुळाची ढेप दाखवायची, पण आपल्या घराला उणं बोलायची नाही. समाधानी होती म्हणजे ही माणसं हातावर हात धरून बसली होती असं मात्र नव्हे. त्यांनी ताली घातल्या, विहिरीचा कातळ फोडला, पीक निघाल्यावर धनगरांची मेंढरं रानात बसवली. आपल्या वाट्याची जमीन त्यांनी कसून कसली. शेजाऱ्याच्या वाट्यावर डोळा ठेवला नाही, एवढंच.

कागदावरच्या हद्दींचा इतिहासही आमच्याच भागातला आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या शेतसाऱ्याच्या जड आकारणीने शेतकरी पिचला, रानं ओस पडली. मग 1836 पासून शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी, नवी आकारणी लावली. जमिनीचा कस आण्यांत धरला, सारा कमी केला आणि 30 वर्षांसाठी बांधून दिला. मुरमाड रानाकडून काळ्या रानाचा सारा मागू नये, ही साधी गोष्ट सरकारला कळायला लोकांना गाव सोडावं लागलं. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

म्हणूनच "आहे त्यात समाधान मान" हा उपदेश मला सरसकट पटत नाही. ज्याची जमीन सावकाराच्या कागदात गेली त्याला तो कोणत्या तोंडाने करायचा? 12 मे 1875 रोजी जवळच्याच सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा राग कर्जखतांवर, दस्तांवर होता. त्या उठावानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाच्या जाचातून सोडवणारा कायदा झाला. हद्द ओलांडली होती ती सावकाराने. मर्यादेचा पहिला धडा बळ असलेल्याने गिरवायचा असतो. आजाही बांधावर बैल वळवायचा तो शेजारी दांडगा होता म्हणून नव्हे. शेजारी विधवा बाई होती, एकटी कसणारी.

आता एकेका वावराचे चार वाटे झालेत, ट्रॅक्टर आलेत, गुंठ्याला भाव आलाय. सख्खे भाऊ वीतभर मातीसाठी कोर्टात उभे राहतात आणि वकिलाची फी त्या वीतभर मातीत कधीच पिकत नाही. ज्यांच्या घरात असं भांडण चालू असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पेरणीआधी दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज द्या, खुणा दोघांच्या समक्ष रोवून घ्या, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगा, बांधापासून हातभर अलीकडेच वळव.