छताचे गुणपत्रक: भिलाईतील घर आणि ऊर्जा प्रमाणपत्राचा इतिहास

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली कामगार वसाहतही वाढत गेली. झोतभट्टीला उष्णता आत कोंडून ठेवायची असते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात घराचे काम नेमके उलटे असते: उष्णता बाहेरच रोखायची.

या कामात सर्वांत दुबळा भाग म्हणजे सपाट छत. उष्णतारोधनाचा थर नसलेल्या 10 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य, म्हणजे उष्णता पार होऊ देण्याची क्षमता, सुमारे 3.7 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन भरते. उन्हाचा परिणाम धरून बाहेरचे प्रभावी तापमान 60 अंश आणि खोलीतले 35 अंश असेल, तर स्थिर अवस्थेत 10 चौरस मीटर छतातून 900 वॅटहून अधिक उष्णता आत येते. भर मे महिन्यात डोक्यावर विजेची शेगडी पेटती ठेवावी, तसाच हा प्रकार.

घराला अशा कसोटीवर गुण देण्याची कल्पना भारतात नवी नाही. आयएस 3792 या मानकाच्या 1978 च्या आवृत्तीत आणि भारतीय मानक ब्युरोच्या 1987 च्या हस्तपुस्तिकेत ‘औष्णिक कार्यमान निर्देशांक’ आढळतो. वातानुकूलन नसलेल्या घराच्या छताचा आतला पृष्ठभाग 30 अंशांच्या वर किती तापतो, ते पाहायचे. 8 अंशांची वाढ म्हणजे निर्देशांक 100. उष्ण प्रदेशातील छतासाठी हीच कमाल मर्यादा होती, आणि यू-मूल्याची मर्यादा 2.33. या मोजमापात विजेच्या बिलाला स्थान नव्हते. घर माणसाला किती तापवते, एवढाच प्रश्न होता.

युरोपचा मार्ग वेगळा होता. 1973 च्या तेलसंकटानंतर तेथे इंधनबचत हा राष्ट्रीय प्रश्न झाला. डेन्मार्कने 1997 मध्ये घरांसाठी ऊर्जा-लेबल लागू केले. 2002 च्या युरोपीय निर्देशाने घर विकताना किंवा भाड्याने देताना प्रमाणपत्र दाखवणे बंधनकारक केले. जर्मनीत तर दोन प्रकारची प्रमाणपत्रे रूढ झाली: एक घराच्या रचनेवरून गणित मांडणारे, दुसरे प्रत्यक्ष वापरावरून काढलेले. ही दोन उत्तरे जुळत नाहीत. जर्मन घरांविषयी 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष वापर गणितापेक्षा सरासरी 30 टक्के कमी आढळला. घर जितके निकृष्ट, तितके रहिवासी ते कमी तापवत होते. कमी बिलामागे चांगले घर असेलच असे नाही. तेथे सोसलेली थंडीही असू शकते.

भारतात या निष्कर्षाला अधिक धार येते, कारण येथे सोसायचे ते ऊन असते. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. 2018 च्या इको-निवास संहितेने छताच्या यू-मूल्याची मर्यादा 1.2 वर आणली. वर पाहिलेल्या छतातून मग 300 वॅटच उष्णता आत येईल. ही संहिता प्रामुख्याने 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामासाठी आहे. 2019 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने निवासी इमारतींसाठी तारांकित लेबल आणले. ते घराचे आवरण, दिवे आणि वातानुकूलन यांवरून प्रति चौरस मीटर वार्षिक युनिटे काढते. मात्र ते ऐच्छिक आहे.

त्यामुळे वसाहतीतील साठ वर्षांचे घर नूतनीकरणासाठी घेतले जाते, तेव्हा नव्या फरशा आणि रंग डोळ्यांना दिसतात, छताचे यू-मूल्य दिसत नाही. वातानुकूलन यंत्र बसले की बिल वाढते. छतावर रोधक थर आणि पांढरा लेप दिला, तर यंत्र नसलेल्या खोलीतही रात्र सुसह्य होते, पण त्याची नोंद बिलात कुठेच होत नाही. ज्या घरात फक्त पंखा आहे, त्याला कमी बिलाच्या आधारे उत्तम श्रेणी देणे म्हणजे गैरसोयीलाच कार्यक्षमता ठरवणे होय. 1978 चे मानक छताला हात लावून पाहत होते. जुन्या घरांसाठी उद्या जे प्रमाणपत्र येईल, त्यालाही पंख्याखालच्या माणसापासूनच सुरुवात करावी लागेल.