फायनल चर्चगेटला की नेरूळला?

तुर्भ्याहून गाडीत बसले की दुसरे स्टेशन नेरूळ. तिथल्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मोठ्या सामन्याचे खरे मैदान चर्चगेटजवळचे वानखेडे की हे, हा वाद त्यानंतर साहजिकच पेटला. वाद खेळपट्टी, प्रेक्षकांचा जोश आणि परंपरा यांवर घातला जातो. मुंबईचा इतिहास मात्र सांगतो की फायनल कुठे व्हायची ते जमीन कोणाची आणि तिकिटे कोणाच्या हातात यावर ठरते.

भारतातली पहिली कसोटी १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर झाली. १९३७मध्ये बॅकबेच्या भराव जमिनीवर ब्रेबॉर्न उभे राहिले आणि पुढे कसोट्या तिकडे गेल्या. ब्रेबॉर्न वाईट आहे असे कोणी कधी म्हटले नाही. पण ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे खासगी क्लबचे. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती जागा द्यायच्या यावरून क्लबचे विजय मर्चंट आणि संघटनेचे शेषराव वानखेडे यांचे बिनसले. संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी झालीसुद्धा. उत्तम मैदान बाजूला पडले ते तिकिटांपायी. गोल्फमध्येही असेच घडले आहे. स्कॉटलंडच्या प्रेस्टविकला १८६०पासून २४ वेळा ‘ओपन’ झाली. १९२५मध्ये तिथे गर्दी आवरेना, आणि स्पर्धा त्या मैदानाला कायमची मुकली.

नेरूळविरुद्धचा पहिला आक्षेप अंतराचा. तो मुळात दक्षिण मुंबईचा आहे. ठाणे, पनवेल, कल्याणच्या प्रेक्षकाला चर्चगेट जवळ कधी होते? जागेअभावी आणि कोंडीमुळे शहराने आपला घाऊक बाजार तुर्भ्याला हलवला, तेव्हा व्यापाऱ्यांची तक्रारही अंतराचीच होती. आज मुंबईची भाजी तिथूनच येते. वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसे मावतात, नेरूळला त्याहून बरीच जास्त. दुसरा आक्षेप पावसाचा. २००९चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना इथे एकही चेंडू न टाकता रद्द झाला खरा, पण तो फयान वादळाचा दिवस होता. महिलांची फायनल पावसामुळे जवळजवळ दोन तास उशिरा सुरू झाली, तरी एकही षटक कापावे लागले नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे मैदानही खासगीच, म्हणजे ब्रेबॉर्नचे भांडण पुन्हा उभे राहू शकते. म्हणूनच आजवर नेरूळला बहुधा ज्यांच्या तिकिटांवर कोणाचा डोळा नव्हता ते सामने मिळाले: फुटबॉलचे, महिलांचे. २००८ची पहिली आयपीएल फायनल हा ठळक अपवाद. २०२५च्या स्पर्धेतही बेंगळुरूतल्या चेंगराचेंगरीनंतर तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमचे सामने काढून घेतले गेले, तेव्हा कुठे नेरूळचे नाव यादीत आले. लायकी तीच होती, दार उशिरा उघडले. पुरुषांची पुढची विश्वचषक फायनल मुंबईला मिळाली, तर संघटना ती स्वतःचे वानखेडे सोडून खाडीपलीकडे जाऊ देईल असे वाटत नाही, आणि त्याचे कारण खेळपट्टीत शोधण्यात अर्थ नाही.