धर्मशिक्षण, शालेय
शाळेतून दिले जाणारे धार्मिक शिक्षण. बिरवाडी (ता. महाड, जि. रायगड) परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळा शासकीय निधीवर चालतात, संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः अशा निधीवरील शाळांत धर्मोपदेश देता येत नाही. अनुदानित शाळेत त्यासाठी पालकांची संमती लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर समतेचा हक्क बजावणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. म्हणून या मुलखाला ही तरतूद विशेष जिव्हाळ्याची वाटावी. धर्मांचा अभ्यास मात्र निषिद्ध नाही. धर्मोपदेश आणि धर्मांची ओळख यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. एका बाकावरच्या मुलांना परस्परांचे सण व श्रद्धा कळाव्यात, आणि त्यांच्याच तालुक्यातला पाण्याचा सत्याग्रहही.