सामाजिक न्याय आणि गणित शिक्षण

सामाजिक न्यायासाठी गणित शिक्षण म्हणजे कर्ज, मजुरी, जमीन, पाणी आणि प्रदूषण यांसारख्या प्रश्नांशी शालेय गणिताची सांगड घालणारी अध्यापनदृष्टी होय. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या विचारांचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. डेन्मार्कचे ओले स्कोव्हस्मोसे, तसेच अमेरिकेतील मेरिलिन फ्रँकेनस्टाइन व एरिक गुटस्टाइन यांनी तिची मांडणी केली. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या इतिहासात व भूगोलात अशा अध्यापनासाठी विपुल सामग्री आढळते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. त्या मागणीला सावकारी कर्जांची पार्श्वभूमी होती.

कर्जरोख्यांचे गणित

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा प्रदेश तेव्हा भीमथडीत मोडत असे. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः हिशेबाच्या वह्या व कर्जरोखे यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर १०० रुपये कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण आले होते.

ही वाढ समजण्यास इयत्ता आठवीचे चक्रवाढ व्याज पुरेसे आहे. रूढ दामदुपटीच्या नियमानुसार व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली. हेतू व्याज साचू नये हा होता; परंतु सावकार दर तीन वर्षांनी थकबाकी मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घेऊ लागले. उदाहरणादाखल, १०० रुपयांवर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरल्यास तीन वर्षांत १७२ रुपये होतात. काहीच फेड न होता रोखा दर तीन वर्षांनी बदलत गेल्यास बाराव्या वर्षाअखेर ८७५ रुपये देणे निघते. सरळ व्याजाने हीच रक्कम ३८८ आणि दामदुपटीने जास्तीत जास्त २०० रुपये झाली असती. विशेष म्हणजे कोणताही एक रोखा पाहिला तर त्यातील व्याज मुद्दलापेक्षा कमीच दिसते. नियमभंग सर्व रोखे एकत्र मांडल्यावरच उघड होतो. १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जदाराला पावती व हिशेब मिळण्याची तरतूद केली. अर्थात तो हिशेब वाचता येणे ही वेगळी गोष्ट होती.

पाणीवाटप

खडकवासला प्रकल्पाचे पाणी पुणे शहराला, तसेच कालव्याने दौंड व इंदापूरच्या शेतीला पुरविले जाते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. दरडोई दररोज १३५ लिटर या मापाने ते सुमारे पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरते. उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी धरल्यास तेवढ्यात सुमारे १,४०० हेक्टर भिजते.

दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभारलेल्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर आणि कुटुंबामागे कमाल अडीच एकर असे प्रमाण ठरविले, भूमिहीनांचाही हक्क मान्य केला आणि ऊस वर्ज्य केला. चार-चार माणसांची दोन कुटुंबे असून एकाकडे दहा व दुसऱ्याकडे दोन एकर जमीन असल्यास, जमिनीनुसार वाटप ५:१ होते, तर माणसांनुसार १:१. गुणोत्तर व प्रमाण शिकविताना छेद कोणता घ्यावा हा प्रश्न येथे प्रत्यक्ष वादाचा ठरतो.

आक्षेप

अशा अध्यापनात गणितातील काटेकोरपणा मागे पडतो आणि शिक्षकाची मते मुलांवर लादली जातात, असे आक्षेप घेतले जातात. १८७५ च्या उदाहरणात सावकारांच्या समाजालाच दोषी धरण्याचा धोकाही आहे. अमेरिकी यादवी युद्ध संपल्यावर कापसाच्या भावात झालेली घसरण, आटलेली उधारी आणि वाढीव शेतसारा यांचे आकडे त्याच धड्यात आणल्यास रोखा लिहून देण्याची वेळ शेतकऱ्यावर का आली, हेही मुलांना मोजून पाहता येते.