इनामगाव : मानवी अवशेष

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन स्थळ. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले. वसाहतीचे कालखंड तीन : माळवा (सु. इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००). दोनशेहून अधिक दफने मिळाली; त्यांत मुलांची संख्या मोठी आहे.

दफनपद्धती : मृतांना घरात किंवा अंगणात पुरत. प्रौढाचा देह खड्ड्यात उताणा, डोके उत्तरेस; पावले बहुधा घोट्यापासून तोडलेली. यामागे मृतात्म्याला जखडून ठेवण्याची समजूत असावी, असे एक मत आहे. लहान मुलांसाठी दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत. प्रौढांच्या दफनपद्धतीला ठळक अपवाद म्हणजे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातील चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा रांजण. त्यात सु. चाळिशीतील पुरुष बसलेल्या स्थितीत होता व त्याची पावले शाबूत होती. तो गावप्रमुख असावा, असे उत्खननकर्ते मानतात.

अस्थी व दात : जॉन ल्युकाक्स व सुभाष वाळिंबे यांचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे वय दातांच्या वाढीवरून बरेच नेमके ठरते. त्या वयाच्या मानाने मांडीचे हाड आखूड भरले, तर वाढ खुंटल्याचे कळते. दाताचे कवच तयार होताना मूल आजारी किंवा उपाशी राहिले, तर त्यावर आडवी खाच उमटते. कवच पुन्हा घडत नसल्याने ही खूण दात झिजेपर्यंत टिकते. बालपणीच्या हालांचा असा पुरावा खापरांतून मिळत नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये मुलांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास करून उत्तर जोर्वे काळातील वाढीच्या अडथळ्यांकडे लक्ष वेधले. या काळातील वसाहतीचा ऱ्हास अवर्षणामुळे झाला काय, याविषयी मतभेद आहेत.

लिंगनिदान : प्रौढांचे मुख्यतः कटिबंधावरून होते; मुलांचे हाडांवरून खात्रीने होत नाही.

प्राचीन डीएनए : उष्ण प्रदेशात तो क्वचितच टिकतो. हरियाणातील राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकाच हडप्पाकालीन स्त्रीचा उपयुक्त जनुकसंच हाती आला (२०१९). त्यात स्टेपमधील पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. एका व्यक्तीचा आणि दूरच्या प्रदेशातील हा निष्कर्ष जोर्वे लोकांना लागू करता येत नाही.