विशेष विवाह अधिनियम

विशेष विवाह अधिनियम : धर्म व जात यांचा निर्बंध न मानता विवाह करू इच्छिणाऱ्या स्त्री-पुरुषांना विधिमान्य नागरी विवाहाची सोय करून देणारा भारतीय कायदा. सध्याचा अधिनियम १९५४ चा असून तो १ जानेवारी १९५५ पासून अंमलात आला.

ब्रिटिश अमदानीत विवाह व वारसा हे विषय ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत कायद्यानुसार ठरविले जात. त्यामुळे रूढ विधी टाळून झालेल्या विवाहाची वैधता संशयास्पद राही. तो अवैध ठरल्यास पत्नीचा दर्जा आणि संततीचा औरसपणा हे दोन्ही धोक्यात येत. ब्राह्मो समाजातील विवाहांबाबत हा प्रश्न तीव्र झाल्याने केशवचंद्र सेन यांनी कायद्याची मागणी केली. हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये मांडलेले व्यापक विधेयक विरोधामुळे मागे पडले. केवळ ब्राह्मोंपुरत्या विधेयकास आदी ब्राह्मो समाजाने आक्षेप घेतला. अखेर १८७२ चा तिसरा अधिनियम संमत झाला. त्याने एकपत्नीकत्व अनिवार्य केले आणि वराचे किमान वय १८ व वधूचे १४ ठरविले. तथापि आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही, असे निवेदन वधूवरांना करावे लागे. विवाहासाठी धर्म नाकारण्याची ही अट अनेकांना जाचक वाटली.

ती दूर करण्याचा भूपेंद्रनाथ बसू यांचा प्रयत्न असफल झाला. विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या आंतरजातीय विवाह विधेयकास राजर्षी शाहू महाराजांचा पाठिंबा होता. परंतु तेही संमत झाले नाही. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना परस्परांत धर्मत्यागाविना नोंदणी विवाह करता येऊ लागला. मात्र असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त समजला जाई व त्याचा दत्तक घेण्याचा हक्क नष्ट होई.

१९५४ च्या अधिनियमाने धर्मविषयक निवेदनाची अट सर्वांसाठी रद्द केली. वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे लागते. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यानंतर ३० दिवसांत आक्षेप न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लावला जातो. अन्य पद्धतीने झालेल्या विवाहाचीही या कायद्याखाली नोंदणी होऊ शकते. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही त्यात आहे. वारसा सामान्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ठरतो. मात्र दोन्ही पक्ष हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असल्यास १९७६ च्या दुरुस्तीने हा नियम व कुटुंबविभक्ततेचा नियम लागू होत नाहीत.

नोटीस प्रसिद्ध झाल्याने आंतरधर्मीय जोडप्यांवर कुटुंबीयांचे दडपण येते, ही तक्रार जुनी आहे. अशी प्रसिद्धी वधूवरांच्या इच्छेवर अवलंबून राहील, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. समलिंगी जोडप्यांचा विवाह या अधिनियमात अंतर्भूत करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. असा बदल करणे हे विधिमंडळाचे कार्य होय, असे न्यायालयाने मानले.